खालच्या वाडीची लाइन

आंबेखोल हे गाव आहे रत्नागिरी जिल्ह्यात, पण ते चालतं डोंबिवलीहून. देवळाला रंग कुठला द्यायचा, शिमग्याला पालखी आधी कुणाच्या दारात न्यायची, विहिरीवरचा पंप कुठल्या बाजूला बसवायचा, हे सगळं डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ठरतं. रविवारी, वडा आणि चहा झाल्यावर. ठरवणाऱ्या मंडळाचं नाव 'श्री वाघजाई ग्रामविकास मंडळ, मुंबई'. त्यातला एकही माणूस आता मुंबईत राहत नाही. परळ-लालबागच्या खोल्या विकून कुणी ठाण्याला गेला, कुणी डोंबिवलीला, आणि ज्याला तेही झेपलं नाही तो दिव्याला. नावातली मुंबई मात्र कुणी सोडली नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच; फरक इतकाच की इथे उंटाच्या चाऱ्याची वर्गणी शेळ्यांकडूनच घेतात.

योगिनी दिव्याची. म्हणजे लग्न होऊन दिव्याला आलेली. मूळची आंबेखोलच्या खालच्या वाडीतली. नवरा राकेश लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. त्याच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट तो सुट्टीवर असला की चालायची, एरवी बंद. योगिनी ठाण्यात माजिवड्याच्या एका कंपनीत, जिथे दवाखान्यांची बिलं विम्यासाठी तपासतात. घरात पाणी टँकरचं, आणि तो कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसे. तिला या कशाचंच फारसं वाटायचं नाही. तिला वाटायचं ते बापाचं.

देवराम, तिचा बाप, आई गेल्यापासून गावात एकटा होता. गेल्या वर्षी सकाळी अंगणात पाय घसरून पडला, तो शेजारणीला दिसला दुपारी. तोवर तो तिथेच पडून होता. कंबर धरली ती धरलीच. योगिनी त्याला दिव्याला घेऊन आली, पण म्हाताऱ्याला चार जिने चढवेनात आणि खिडकीच्या जाळीपलीकडे समोरच्या इमारतीच्या खिडकीची जाळी, यापलीकडे काही दिसेना. तोंड धुताना तिने नळ बंद केला की तो तिच्याकडे असा बघायचा की जणू लेकीच्या घरी आपण पाण्यालाही जड झालो. एक दिवस पिशवी भरून दाराशी बसला. मला पोचव म्हणाला, नाहीतर मी चालत निघेन.

मग एकच वाट उरली. तो येत नाही तर आपण जायचं. राकेश भला माणूस होता. तू पुढे हो म्हणाला, मी चिपळूणला काम बघतो आणि मागून येतो. राहिली नोकरी, आणि ती सोडून चालणार नव्हतं. तिची कंपनी घरून काम द्यायला तयार होती, पण घरात वायरची लाइन हवी, मोबाइलचं नेटवर्क चालणार नाही. दिवाळीला घरून काम करणाऱ्यांची नावं कायमची ठरणार होती. दिवाळीच्या आत खालच्या वाडीत ब्रॉडबँड आलं तर योगिनी बापाजवळ राहणार होती. नाही आलं तर तो पुढच्या वेळी पडेल तेव्हा पुन्हा शेजारणीला दिसेपर्यंत तिथेच पडून राहणार होता. इतकं साधं गणित होतं.

आणि नशीब बघा, त्याच उन्हाळ्यात ब्रॉडबँड आंबेखोलच्या फाट्यापर्यंत आलं. वायर टाकणाऱ्या कंपनीने सांगितलं, फाट्यापर्यंत आम्ही आणली, गावात कुठून कुठे न्यायची ते गावाने ठरवा आणि खांब गावाने उभे करा. गावाने ठरवायचं म्हणजे अर्थातच डोंबिवलीने.

त्या सभेला योगिनी गेली. अध्यक्ष मधुकाका. बँकेतून निवृत्त झालेले, माजिवड्याच्या टॉवरात राहणारे, आणि बोलायला उभे राहिले की खाली बसायचं विसरणारे. गावात वरच्या वाडीत त्यांचं घर. टाइल्स, ग्रिल, स्लायडिंगच्या खिडक्या आणि बाहेरून भलंमोठं कुलूप. वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला उघडायचं. वरच्या वाडीत सगळी अशीच घरं. माणसं राहायची ती खालच्या वाडीत, आणि तिथे जायला रस्ता नाही, दगडी पायऱ्यांची पाखाडी. मधुकाकांनी त्या दिवशी ब्रॉडबँडवर भाषण केलं. म्हातारीकोतारी घरबसल्या डॉक्टरला दाखवतील. पोरं घरबसल्या शिकतील. काजू थेट परदेशात जाईल. आणि मुख्य म्हणजे, इथे त्यांनी आवाज जरा खाली आणला, गावातून गेलेली तरुण मंडळी पुन्हा गावाकडे परततील. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाचाही परतायचा विचार नव्हता, म्हणून त्या जास्त जोरात पडल्या.

योगिनी मागच्या रांगेतून उठली. बायका मागच्याच रांगेत बसायच्या. म्हणाली, मी परत जायला तयार आहे. नोकरी आहे, नवऱ्याची हरकत नाही, बाप तिथे एकटा आहे. लाइन खालच्या वाडीत आणा, मी दिवाळीला जाते.

हॉलमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. भाषणातला तरुण असा एकदम हाडामांसाचा होऊन उभा राहील, याची कुणाला कल्पना नव्हती. त्यातून ती तरुणी. शेवटी सचिव उत्तम उठला. हा उत्तम डोंबिवलीत नळाच्या सामानाचं दुकान चालवायचा आणि मंडळातल्या प्रत्येक नाजूक गोष्टीवर झाकण बसवायचं काम त्याच्याकडे असे.

"अगं योगिनी, तू माहेरवाशीण," तो म्हणाला. "तुझा मान वेगळा. मत वेगळं."

म्हणजे काय ते तिला पुरतं ठाऊक होतं. लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या मंडळातून निघतं. मत द्यायचं तर सासरच्या गावच्या मंडळात द्यावं. सासरच्या मंडळात तिने एकदा तोंड उघडलं होतं, तेव्हा तिथल्या मंडळींनी सांगितलं होतं की सुनांसाठी संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, त्याला जरूर ये. दोन गावं होती तिला, आणि दोन्हीकडे ती पाहुणी.

पुढच्या सभेत ठरलं. लाइन फाट्यावरून देवळात आणि देवळातून वरच्या वाडीत. खालच्या वाडीला तांत्रिक अडचण आहे. मध्ये ओढा आहे. ओढ्यात खांब टिकत नाहीत. ओढ्याच्या पलीकडे विजेचे खांब तिच्या जन्माआधीपासून उभे आहेत, हे योगिनीने सांगून बघितलं. विजेची गोष्ट वेगळी, असं उत्तर मिळालं.

वरच्या वाडीतल्या रिकाम्या घरांना ब्रॉडबँड कशाला, असा प्रश्न एखाद्या सरळ माणसाला पडेल. त्याचं उत्तर मधुकाकांच्या मुलाकडे, अनिमेषकडे होतं. अनिमेष आयटीत, शिकलासवरलेला, दाढी बारीक कोरलेली. त्याने पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं की प्रत्येक घराला कॅमेरे बसवायचे, देवळात कॅमेरे बसवायचे, आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण कुठूनही मोबाइलवर आपलं अंगण बघायचं. कुणी फणस तोडला, कुणाची गाय शिरली, लगेच कळणार. शिवाय देवीचं थेट दर्शन. हे ऐकून मंडळाला गावाच्या विकासाचं खरं मर्म समजलं. गाव जगाशी जोडलं जाणार होतं. प्रत्यक्षात कुलपं मालकांशी जोडली गेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसं 'ग्रामविकास' नावाच्या मंडळाने गावाच्या डोक्यावर पहारा बसवला आणि त्याला ब्रॉडबँड म्हटलं.

योगिनी हार मानणारी नव्हती. कचेरी सुटल्यावर ती दोन-तीनदा मधुकाकांच्या टॉवरात गेली. दरवेळी काकांची पत्नी मंदाकिनीकाकू, ज्या महिला समितीच्या प्रमुख होत्या, प्रेमाने दार उघडत. काका आत फोनवर असत. काकू चहा देत, गालावरून हात फिरवत, आणि निघताना, माहेरवाशीण रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून, कुंकू लावून ओटीत नारळ घालत. लाइन मागायला गेलेली बाई नारळ घेऊन दिव्याला परत येई. राकेश म्हणाला, निदान चटणीचा प्रश्न तरी सुटला. ती हसली नाही.

भादव्यात वायर टाकून झाली. कॅमेरे लागले. मोबाइलवर गाव दिसायला लागलं, पण फक्त सभासदांना. पासवर्ड सभासदांपुरता होता आणि माहेरवाशीण सभासद नसते. मग मंडळाच्या ग्रुपवर विकास सुरू झाला. कुणाच्या अंगणातल्या झावळ्या कुणी उचलल्या, कुणाच्या ओट्यावर कोण विडी ओढत बसला, यावर ठाण्याहून दिव्याला निरोप धावू लागले. गावातल्या माणसांनी वरच्या वाडीतून चालताना मान खाली घालायला सुरुवात केली. आपल्याच गावात माणसं चोरासारखी वागायला लागली, आणि हे बघून मंडळ म्हणालं, बघा, शिस्त आली.

लोकार्पण घटस्थापनेला ठेवलं. गावच्या ब्रॉडबँडचं लोकार्पण, तेही डोंबिवलीच्या हॉलमध्ये. गावाला बोलावलं नव्हतं. गाव पडद्यावर दिसणार होतं, तेवढं पुरेसं होतं. एक नगरसेवक प्रमुख पाहुणे होते. पडद्यासमोर लाल फीत बांधली होती. त्याच कार्यक्रमात माहेरवाशिणींचा सन्मानही उरकून घ्यायचा होता, म्हणून योगिनीला आमंत्रण होतं. ती गेली ती शेवटचं विचारून बघायला. दिवाळी तोंडावर आली होती, आणि नगरसेवकासमोर विषय काढला तर मधुकाकांना नाही म्हणता येणार नाही, असा तिचा हिशेब होता.

माहेरवाशिणींना स्टेजवर ओळीने उभं केलं. काकू एकेकीची ओटी भरत होत्या. खण, नारळ, आणि भेट म्हणून मोबाइल ठेवायचा प्लॅस्टिकचा स्टँड, ज्यावर मधुकाकांचा हात जोडलेला फोटो. काकूंनी माईकवरून सांगितलं की माहेरवाशीण म्हणजे साक्षात देवीचं रूप, आणि आपल्या गावची रीत अशी की देवीच्या दारी आलेल्या माहेरवाशिणीला आजवर कुणी उठवलेलं नाही. नगरसेवकांनी मान डोलावली.

मग फीत कापली आणि पडदा उजळला.

देऊळ दिसलं. रंगवलेलं, झेंडूची तोरणं, सभामंडप, मागे गाभारा. आणि पहिल्या पायरीवर, बरोबर मधोमध, गाभाऱ्याच्या आड येईल असा एक म्हातारा बसला होता. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, दोन्ही हात काठीवर. तोंड देवीकडे नाही, कॅमेऱ्याकडे. योगिनीच्या हातातला नारळ जड झाला. गणपतीनंतर तिने बापाला पाहिलं नव्हतं, आणि तो इतका वाळला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"हा रोज येऊन बसतो," खालून कुणीतरी म्हणालं. "देवीचं दर्शनच होत नाही."

रोज. खालच्या वाडीतून देवळापर्यंतची पाखाडी धडधाकट माणसाला धाप लावते. धरलेली कंबर घेऊन तो रोज ती चढत होता.

अनिमेष सरसावला. नगरसेवकांना हीच तर गंमत दाखवायची होती. त्याच्या मोबाइलमधून बोललं की देवळातल्या कॅमेऱ्यातून आवाज येतो, आणि तिकडचं इकडे ऐकू येतं. त्याने फोन वडिलांच्या हातात दिला. मधुकाकांनी घसा साफ केला आणि अगदी सभ्य, बँकेतल्या आवाजात म्हणाले, "देवराम, जरा बाजूला व्हा बघू. गाभारा दिसत नाहीये."

पडद्यावरचा म्हातारा दचकला. त्याने वर बघितलं, मग मागे, मग पुन्हा कॅमेऱ्याकडे. काठीवर जोर देऊन उठायला लागला. अर्ध्यात थांबला.

"माजी योगी हाय काय हो तकडं?" त्याने विचारलं. "गुरव बोलला, हतं बसलं की डोंबिवलीत दिसतं. म्हनून बसतो मी. दिसतो काय तिला?"

हॉल हसला. वाईट हेतूने नाही, हे खरं. लहान पोर काहीतरी बोललं की हसतात तसा हसला. पण योगिनीला ते हसणं अंगावर गरम पाणी पडावं तसं लागलं. तिने ओटीतला नारळ टेबलावर ठेवला, चालत गेली आणि मधुकाकांच्या हातातला फोन घेतला. त्यांनी तो सोडला, कारण त्यांच्या हातातून आजवर कुणी काही घेतलं नव्हतं आणि अशा वेळी काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

"बाबा, मी आहे. दिसताय तुम्ही," ती म्हणाली. "आता हळूहळू खाली जा. आणि परत वर चढू नका. मी येतेय राहायला."

"लाइन गावली काय गो?"

"गावली," ती म्हणाली, आणि फोन अनिमेषला परत दिला. मग ती माईककडे वळली. काय बोलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. राग होता, आणि तो नीट ओळीत लागला.

"मंडळाने लाइन देवळापर्यंत आणलीय, त्याबद्दल आभार. दिवाळीपासून मी गावी राहणार. खालच्या वाडीत लाइन येत नाही म्हणतात, तर मी टेबल-खुर्ची घेऊन सभामंडपात बसेन. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. देवीच्या दारातून माहेरवाशिणीला कुणी उठवत नाही, हे काकूंनी आत्ताच सांगितलं."

मधुकाकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी नगरसेवकांनी टाळी वाजवली. बिचाऱ्याला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. उठून म्हणाले, याला म्हणतात विकास, गावाची लेक गावातून नोकरी करणार, मी स्वतः बघायला येणार, फोटो काढायला माणूस आणणार. प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवतात म्हटल्यावर हॉलने टाळ्या वाजवल्या. मधुकाकांनीही वाजवल्या, बोटांच्या टोकांनी.

त्यानंतरच्या रविवारी तिला टॉवरात बोलावणं आलं. या वेळी काका फोनवर नव्हते. काका, काकू, उत्तम आणि अनिमेष असे चौघे सोफ्यावर बसले होते, आणि मधे चिवड्याची बशी. आढेवेढे कुठून सुरू करावेत याची आधी चर्चा झालेली असणार, कारण प्रत्येकाने आपापली एकेक सबब आणली होती.

उत्तम म्हणाला, देवळाचं लाइट बिल वाढेल. ती म्हणाली, मी भरेन. अनिमेष म्हणाला, तिथे एकटी बाई, सेफ्टीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुमचे इतके कॅमेरे आहेत, माझ्याइतकी सुरक्षित बाई अख्ख्या कोकणात सापडायची नाही. मधुकाका म्हणाले, देवळाचं म्हणून एक पावित्र्य असतं.

"मी बिलं तपासते काका, मटण नाही विकत."

उत्तमने चिवड्यातला कढीपत्ता वेचायला घेतला. अनिमेषने मोबाइल काढला. मधुकाकांनी एसीकडे बघितलं आणि तिथूनच, एसीला उद्देशून, मंदाकिनीला म्हणाले की तूच सांग, बायकांचं बायकांनी बोललेलं बरं.

काकूंनी पदर सारखा केला. "अगं, तसं काही नाही. पण म्हणजे... आपली देवी कडक. आणि तू रोज बसणार म्हणजे... महिन्यातले ते चार दिवस..."

योगिनीला तेव्हा कळलं. एका क्षणात कळलं. तरीही तिने चेहरा कोरा ठेवला.

"कुठले चार दिवस, काकू?"

"अगं, तुला कळतंय."

"नाही. सांगा ना."

काकूंचा चेहरा लाल झाला. ज्या बाईने माहेरवाशिणीला स्टेजवर साक्षात देवी म्हटलं होतं, तिला त्या देवीच्या अंगाचं नाव घेता येईना. अनिमेष मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "मी पर्सनली हे काही मानत नाही हं. पण लोकांच्या सेंटिमेंट्स असतात." इंजिनियर झालेला, अमेरिकेला जाऊन आलेला मुलगा. पर्सनली मानत नव्हता. फक्त दुसऱ्यांच्या वतीने मानत होता, म्हणजे दोष आपल्या माथी येत नाही.

त्या क्षणी योगिनीला गप्प बसता आलं असतं. ते चार दिवस मी रजा घेईन, असं खालमानेने म्हणता आलं असतं, आणि तिच्या आईने, आजीने तसंच म्हटलं असतं. ती म्हणाली, "कंपनी त्या दिवसांची सुट्टी देत नाही. मी सगळे दिवस बसणार. थेट दर्शन चालूच असतं, तेव्हा तुम्हाला मी रोज दिसेन, देवीच्या अगदी समोर. कुठला दिवस कसला, ते तुम्ही घरबसल्या ओळखत बसा."

चौघांच्याही डोळ्यांसमोर ते दृश्य उभं राहिलं असावं. सकाळी आंघोळ करून, मोबाइल उघडून, हात जोडायचे. आणि समोर ही, लॅपटॉप घेऊन. मग मनात शंका. मग बोटांवर मोजणी. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात, घरोघर मोजणी. आणि तिला उठवायचं म्हटलं तर नगरसेवक फोटोवाला घेऊन येणार, त्याला कारण काय सांगायचं?

उत्तमने कढीपत्ता बशीच्या कडेला ठेवला. "काय म्हणतो मी काका," तो म्हणाला, "खाली लाइन नेली तर? दोन खांब ओढ्याच्या अल्याड, दोन पल्याड. होऊन जाईल."

"ओढ्याचं काय?" योगिनीने विचारलं.

"ओढ्याचं काय एवढं. उडी मारून पार होतो आपण." तो हसला देखील.

मधुकाकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच त्यांना भाषण सुचलं. ज्येष्ठ नागरिकांची सोय हा मंडळाचा पहिल्यापासूनचा ध्यास होता, असं ते म्हणाले. खालच्या वाडीचं नाव त्यांच्या मनात आधीपासूनच होतं. दिवाळीच्या आत लाइन पोचेल, हा त्यांचा शब्द. काकू उठून आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. योगिनीने पहिल्यांदाच ओटी नको म्हटलं. काकूंना वाईट वाटलं. एवढं सगळं दिल्यावर हिचं अजून काय बिनसलं, हे त्यांना खरोखरच समजलं नाही.

खाली रस्त्यावर आल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाप अर्धा दिवस अंगणात पडून होता, तेव्हा ओढा आडवा होता. खालच्या वाडीतली पोरं अभ्यासासाठी डोंगरावर मोबाइल धरून उभी राहायची, तेव्हा ओढा आडवा होता. तिने हात जोडले, तेव्हाही होता. विकासासाठी जो हलला नाही तो विटाळाच्या भीतीने एका चिवड्याच्या बशीत आटला. ही असली माणसं आपल्या गावाचं बरंवाईट ठरवतात, आणि आपण त्यांच्या पाया पडत मोठ्या झालो, असा विचार करत ती स्टेशनकडे चालू लागली.

मंडळाने शब्द पाळला, कारण शब्द न पाळण्याची भीती जास्त होती. खांब उभे राहिले, वायर ओढ्यावरून गेली, आणि कंपनीच्या माणसाने देवरामच्या ओटीवर खोका बसवून हिरवा दिवा लावला. त्या संध्याकाळी बापाचा फोन आला. घरामागच्या फणसाखाली उभं राहिलं की त्याच्या साध्या फोनला जरा वेळ आवाज मिळायचा.

दिवा बघून म्हातारा हरखला होता. देवीनं ऐकलंन, म्हणत होता. इतकी वर्षं खालच्या वाडीला काही मिळालं नाही, ती लाइन मिळाली. मधुशेटचं मन देवीनंच फिरवलंन. उद्या वर जाऊन नारळ ठेवतो, म्हणाला. मग विचारलं, कसं काय गो जमवलंस?

देवीचीच कृपा म्हणून सोडून द्यावं, असं तिला वाटलं. खरं कारण बापाला सांगायची लाज वाटली. आणि ती लाज आपली नाही, त्या सोफ्यावरच्या चौघांची आहे, हे कळत असूनही आपल्याला वाटतेय, याचा तिला असा संताप आला की तिने सगळं सांगून टाकलं. सभामंडप, चार दिवस, कढीपत्ता, सगळं. ज्या शब्दाला काकू अडल्या होत्या तो शब्दही बापासमोर सरळ उच्चारला.

फोन तुटला की म्हातारा रागावला, तिला कळेना. पाळी हा शब्द त्याच्यासमोर त्याच्या बायकोनेही आयुष्यात कधी काढला नसेल.

मग देवराम खाकरला.

"मंग रस्तापन आसाच मागायचा व्हता गो, बाय," तो म्हणाला.